डोंगा दुसऱ्याचा होता

लिहायच्या दिवशी त्यांच्या घरी मिरची शिजत नसे. मिरची आपल्या मुलखात परदेशातून आली. त्यांच्या कादंबरीतल्या गोंडराजांच्या काळात ती चांद्यापर्यंत पोचली होती की नाही, याचा पुरावा त्यांना सापडलेला नव्हता. पुरावा नाही म्हणून मिरची नाही. बटाटा नाही, टमाटेही नाहीत. वरणात मिरे. ज्या गावात लोक न्याहारीलासुद्धा हिरवी मिरची चावून खातात, त्या गावात हा माणूस महिन्यातले निम्मे दिवस मिऱ्याच्या वरणावर काढत असे. आणि त्याच्याबरोबर घरातले बाकीचेही. बाकीचे म्हणजे त्यांची बायको आणि भाडेकरू मी.

"तुमचा राजा तर मरून गेला, आता आमाले काऊन मारून राह्यले?" बाई स्वयंपाकघरातून विचारत. त्यांना सगळी गल्ली बाईच म्हणत असे. "आन् चहा? चहा होता का तुमच्या राजाच्या टायमाले?"

"चहा लेखक पितो," ते कपात फुंकर मारत म्हणत. "पात्र पीत नाही."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. चांद्यात त्यांना पुरावेभाऊ म्हणत, कारण कोणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न तोच असे. "आज लय थंडी हाय, भाऊ," असं दूधवाला म्हणाला तरी "पुरावा काय?" दूधवाला आपले कुडकुडणारे हात पुढं करी. ते बघून घेत आणि म्हणत, "हं. चालेल."

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मी वैनगंगेच्या काठचा. आम्ही ढिवर. नदीतले मासे आणि काठावर थोडं धान, यावर आमचं घर. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच, त्यामुळे चांद्यात मला सगळ्याचीच भीती वाटे: प्राध्यापकांची, इंग्रजीची, खाणावळीच्या मालकाची. खोली बघायला गेलो तर त्यांनी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "रविवारी मोकळा असतोस का?"

खोलीची तीच अट होती. दर रविवारी त्यांच्या कादंबरीचं एक प्रकरण बसून ऐकायचं. आधीचा भाडेकरू त्या अटीपायी खोली सोडून गेला होता, हे मला नंतर बाईंनी सांगितलं. मी मात्र टिकलो. एक तर मला जायला दुसरी जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडे. पण आवडलं म्हणून सांगायची सोय नव्हती.

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे, भाऊ."

"पुरावा?"

मग मला एखादं वाक्य आठवून सांगावं लागे. नाही आठवलं तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घेत. माझ्या विसरभोळेपणामुळे एका किल्लेदाराला दोनदा मरावं लागलं.

लिहिण्यापूर्वी ते मोजणी खात्यात होते. उमेदीची सगळी वर्षं साखळी घेऊन जंगलाजंगलातून जमिनी मोजण्यात गेलेली. पेन्शन झाल्यावर लोक तीर्थाला जातात, हे परकोटावर चढत. रोज संध्याकाळी चांद्याच्या त्या जुन्या तटावरून ते चालत, कारण त्यांच्या कादंबरीतला पहारेकरी तिथून चालत होता. एकदा मला घेऊन ते जटपुरा दरवाज्यात उभे राहिले. धानाच्या तणसाची बैलबंडी घेऊन एक शेतकरी आत येत होता. भाऊंनी दोन्ही हात पसरून त्याला अडवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कोण आहे?"

त्या माणसानं बैल थांबवले. एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "मी हाव ना."

भाऊ इतके खूश झाले की त्यांनी त्याला दरवाज्याजवळच्या हॉटेलात चहा पाजला. परत येताना मला म्हणाले, "पाहिलंस? मी त्या हेराच्या तोंडी अर्धं पान भाषण घातलं होतं. अडवल्यावर माणूस भाषण करत नाही." दुसऱ्या रविवारी ऐकलं तर शत्रूचा हेर रात्रीच्या अंधारात वेशीवर येत होता, पहारेकरी त्याला दरडावत होता, आणि हेर म्हणत होता, "मी आहे ना." त्या दिवशी मला वाक्य आठवायला कष्ट पडले नाहीत.

असा सगळा त्यांचा कारभार. पात्र पायी जाणार असेल तर आधी स्वतः पायी जायचं. पात्र उपाशी असेल तर उपास. पात्र लढाईत जखमी झालं तेव्हा बाईंनी विळी आणि चाकू दोन्ही माळ्यावर ठेवले होते.

एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊ, हे कशासाठी लिहिता?" प्रश्न उद्धट वाटेल म्हणून मी बरेच दिवस तो मनात ठेवला होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, एवढी गावं मोजली मी. कागदावर लांबी आली, रुंदी आली, बांध आले, आंब्याची झाडं आली. माणूस कुठंच आला नाही. नकाशा घडी करून फायलीत घालताना दर वेळी वाटायचं, आपण काहीतरी तिथंच ठेवून आलो."

आता कादंबरीविषयी सांगायला हवं. ती गोंडराजांच्या शेवटच्या काळातली होती. राज्य जाण्याच्या बेतात आहे, शत्रू मागावर आहे, राजघराण्यातलं एक तान्हं मूल घेऊन दाई पळत वैनगंगेच्या काठी येते. नदीला पूर. एकही नावाडी डोंगा घालायला तयार नाही. तेव्हा एक ढिवरीण पुढं होते, मुलाला जाळ्यात गुंडाळते आणि लाकडाच्या कोरलेल्या डोंग्यातून त्या दोघांना पार करते. पलीकडं ती सुरक्षित असते. तरीही ती त्याच पुरात परत फिरते.

का परत फिरते, हे भाऊंना माहीत नव्हतं. कादंबरी तिथंच येऊन अडली होती. ते म्हणत, हे चित्र कधीपासून डोळ्यांपुढं आहे ते आठवत नाही, पण ती परत फिरते एवढं पक्कं दिसतं. त्यांनी तिचं नाव रत्नप्रभा ठेवलं होतं. तिला परत फिरवण्यासाठी त्यांनी अनेक कारणं लिहून पाहिली. राजनिष्ठा. शत्रूला चकवण्याचा डाव. अलीकडच्या तीरावर राहिलेला प्रियकर. प्रत्येक कारण मला रविवारी ऐकावं लागलं, आणि प्रत्येक वेळी वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच कागद बाजूला सारले. "खोटं आहे," ते म्हणत. "अशी बाई झाली असती तर कुठंतरी तिचा पुरावा असता. पुरावा असता तर कारणही असतं."

इकडं छापखान्याचा तगादा. गावातल्या एका छापखान्यानं पहिली प्रकरणं जुळवून ठेवली होती. पण भाऊ सारखे दुरुस्त्या पाठवत आणि शेवट काही येत नसे. तोपर्यंत ते अक्षरांचे जुळवलेले खिळे दोरीनं बांधलेले तसेच पडून. छापखान्याचा मालक एक दिवस घरीच आला. चांगला माणूस होता, पण रडकुंडीला आला होता.

"भाऊ, लग्नं तोंडावर आले. पत्रिका छापू कशानं? माझे सगळे 'रत्न' तुमच्या रत्नप्रभेनं अडकवून ठेवले. परवा एका रत्नमालेची पत्रिका आली होती, तिच्या बापाले वापस पाठवला. शिवरात्रीपर्यंत शेवट द्या, नाई तर मी खिळे सोडतो."

खिळे सोडणं म्हणजे जुळवलेली पानं मोडून अक्षरं परत खणात टाकणं. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो पुन्हा जुळवायला तयार होणार नाही, हे घरातल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी भाऊ जेवायलाही मिऱ्याशिवाय बसले, म्हणजे वरण अगदीच फिकं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आमच्याकडं पण पुरात डोंगा नेणाऱ्या बाईची एक गोष्ट आहे."

हे मी आधी का सांगितलं नाही, असं कोणीही विचारील. मला वाटे, ते लिहितात तो इतिहास आहे आणि आमच्याकडं आहे ती बायांची सांगोवांगी. त्यांची रत्नप्रभा पैठणी नेसून डोंगा वल्हवत होती. आमची गिरजा तशी नव्हती.

त्यांचा घास हातातच राहिला. "कोणती गोष्ट?"

मी सांगितली. आमच्या गावच्या घाटावर गिरजाचा दगड आहे. शेंदूर लावलेला. नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात घातलं की पहिला मासा त्या दगडापुढं ठेवतात. गिरजा म्हणजे जुन्या काळची ढिवरीण, तिनं राजाचं लेकरू पुरातून पार केलं. मग परत आली.

"परत का आली?"

"मले नाई येत, भाऊ. माय सांगते पुढचं." घाबरलो की मी घरच्या बोलीवर येत असे.

ते ताटावरून उठले. बाईंना हाक मारली. "ऐकलंस? ती होती. खरंच होती. मी कल्पनेनं जे लिहीत होतो ते घडलेलं आहे. दगड आहे तिचा." इतका आनंद मी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला आहे. हात न धुताच ते खोलीत येरझारा घालू लागले. "तुझं गाव मोजलंही असेन मी. गावं आठवत नाहीत रे, बांध आठवतात."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. मूल गावापर्यंत मोटार, पुढं छकडा. वाटेत लोक मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेसाठी सामान नेत होते. छकड्यात भाऊ मला सांगत होते की प्रस्तावनेत आमच्या गावाचं नाव येईल, माझ्या आईचंही येईल. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

घरी न जाता ते सरळ घाटावर गेले. चपला काढून दगडापुढं बसले. लोक देवापुढं बसतात तसं नाही, मोजणीदार बसतो तसं. दगडाची उंची पाहिली. कोपरा पाहिला. मग उपरण्याच्या टोकानं वरचा शेंदूर पुसायला लागले. खाली कोरलेली खूण निघाली. गोल, आणि गोलात फुली. फुलीची एक रेघ दुसरीपेक्षा लांब.

भाऊ तसेच मागं सरकून वाळूत टेकले.

"हा माझा दगड आहे," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"शिवेचा दगड. मोजणीचा. माझ्या साखळीवाल्याचा हात असाच चाले, एक रेघ लांब. कितीदा बोललो त्याला." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हा मी पुरलाय."

तोवर कोणीतरी देवाचा शेंदूर पुसतंय ही बातमी गावात गेली होती. माय आली, आणि तिच्यापुढं आमची मोठी माय, म्हणजे माझी चुलती. गावात तिच्या तोंडाला सगळे वचकून असत. ती ओरडायलाच आली होती, पण भाऊंना बघून थांबली. जवळ येऊन नीट बघितलं.

"तुमी तेच मोजणीवाले ना? मोठी टोपी घालून आले होते ते?"

भाऊंनी मान हलवली.

"वळखलं मी. आमच्या डोंग्यात बसून नदी वलांडली होती तुमी. दोन्ही हातानं काठ धरून बसले होते. पानी गुडघाभर बी नव्हतं." बाया हसायला लागल्या. "मंग खाली उतरल्यावर इथीच दगडावर बसले न् गोठ सांगाले लागले. का बा, जुन्या काळी एक ढिवरीन होती, तिनं राजाचं लेकरू पुरातून नेलं, आन् वापस फिरली. तेवढ्यात तुमच्या मानसानं हाक मारली. तुमी उठून गेले. पुढचं सांगतलंच नाई."

मी पाळण्यात असेन तेव्हाची ही गोष्ट. माझ्यासाठी गिरजा नदीइतकी जुनी होती.

भाऊ वाळूकडं बघत होते. "म्हणजे ती नव्हतीच," ते म्हणाले. "बाई, ती गोष्ट खरी नाही. मी बनवली होती. काठावर आल्यावर भीती गेली, म्हणून बोलत सुटलो असेन."

"खरी नाई कशी?" मोठी माय चिडली. "पहिला मासा कोनाले ठेवतो मंग आमी?"

"मी बनवली हो ती."

"तुमी अर्धी बनवली. अर्धीच सोडून गेले. दोन पावसाळे आमी वाट पायली, का मोजणीवाले येतीन न् पुढचं सांगतीन. तुमी आलेच नाई. मंग आमी पुरी केली. तिचं नाव बी आमीच ठेवलं. आता अर्धीसाठी काऊन तोंड पाडून बसता?"

भाऊंनी वर बघितलं. मला वाटतं, तिथपर्यंत ते फक्त पुरावा गेल्याचं दुःख करत होते. आता त्यांना दुसरंच काही आठवलं.

"पुरी केली? मग ती परत का फिरली?"

मोठ्या मायनं माझ्या मायकडं बघितलं. या म्हाताऱ्याला एवढं कसं कळत नाही, असा भाव दोघींच्या तोंडावर होता. उत्तर मायनं दिलं. माझी माय परक्या माणसाशी सहसा बोलत नाही.

"डोंगा दुसऱ्याचा होता ना, भाऊ."

"काय?"

"डोंगा तिचा नव्हता. शेजाऱ्याचा मागून नेला होता. सकाळी त्याले मासोळीले जायाचं होतं. वापस नोको द्यायले?"

नदीचं पाणी पलीकडं, वाळूच्या पट्ट्यापाशी, हळूहळू जात होतं. कोणीतरी दूर जाळं झटकत होतं.

"आणि मग?" त्यांनी विचारलं. "बुडाली?"

"बुडते कायले?" मोठी माय म्हणाली. "ढिवराची पोर हाय ती. डोंगा बांधला, घरी गेली, भात मांडला."

"मले त मायनं वेगळं सांगतलं होतं," मागून एक बाई म्हणाली. "का डोंग्याले भोक पडलं होतं, म्हनून शेजाऱ्यानं लय शिव्या देल्ल्या तिले."

"तेही हाय," मोठी माय म्हणाली. "शिव्या देल्ल्या. राजाचं लेकरू होतं म्हनून का झालं?"

भाऊ हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. मग उठले, मायकडून शेंदूर मागून घेतला, आणि जेवढा पुसला होता तेवढा स्वतःच्या बोटानं पुन्हा लावला. लांब रेघेवर जरा जास्तच लावला.

घरी जेवायला बसले तेव्हा मायनं त्यांच्यासाठी वरणभात केला होता आणि पानात ठेचा वाढला होता. मी तिला बाजूला घेऊन सांगणार होतो, की ही मिरची... पण त्यांनीच विचारलं, "गिरजा मिरची खायची का हो?"

"मंग?" माय म्हणाली. "बिनामिरचीचं कोनाच्या घशाखाली उतरते?"

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले, आणि ठेच्यात बोट बुडवलं.

चांद्याला परतल्यावर शेवटचं प्रकरण त्यांनी एका बैठकीत लिहिलं. शिवरात्रीच्या आधी ते छापखान्यात गेलं. छापखानेवाल्याला आधी आनंद झाला, मग कळलं की पुस्तकभर रत्नप्रभा काढून गिरजा घालायची आहे. तो डोक्याला हात लावून बसला. मग त्याच्या ध्यानात आलं की सगळे 'रत्न' मोकळे होताहेत. त्या उन्हाळ्यात रत्नमालेच्या बापाला पुन्हा बोलावून आणण्यात आलं, असं ऐकलं. प्रस्तावनेच्या शेवटी भाऊंनी एक वाक्य घातलं: "गिरजा हिच्याविषयी या लेखकाजवळ कोणताही पुरावा नाही, तिचा शेवट नदीकाठच्या बायांकडून घेतला असून तो त्यांचा आहे."

पुस्तक फारसं खपलं नाही. मी सुट्टीत एक प्रत गावी नेली. मायला वाचता येत नाही, म्हणून शेवटचं प्रकरण मी तिला ओसरीत बसून वाचून दाखवलं. ती जाळं विणत ऐकत होती. संपल्यावर ती जे बोलली ते ऐकून मला वाटलं, हे भाऊंना कधीही सांगायचं नाही.

पण खोलीवर परत आलो त्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं. चहा घेत बसले होते. नव्या कादंबरीचे कागद मांडीवर होते, म्हणजे घरात पुन्हा मिरे सुरू झाले होते.

"मायनं ऐकलं?"

"हो, भाऊ. चांगलं आहे म्हणाली."

"पुरावा?"

मी खाली बघितलं. मला खोटं नीट बोलता येत नाही. म्हणालो, "ती म्हणाली, हे तर आपलंच आहे, त्यात त्यांचं असं काय आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "असं नको. ती जशी म्हणाली तसं सांग."

"हे त आपल्या गावचं हाय," मी म्हणालो. "त्यात त्या भाऊचं काय हाय?"

मला वाटलं, त्यांना लागलं. पण त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली. "ऐकलं का? याची माय म्हणते, त्यात माझं काहीच नाही." दुसऱ्याला मुलगा पास झाल्याचं सांगावं, तशा आवाजात.

बाई पळी घेऊन दारात आल्या. "इतके वर्षं आमाले मिरे चारून तुमचं काईच नाई?"

"काहीच नाही."

"बरं झालं. आता ह्या नव्या पुस्तकात तरी मिरची हाय का नाई, ते सांगा. वरण चुलीवर हाय."

भाऊंनी कागद खाली ठेवले. मी वाट बघत होतो, पुराव्याचं काही निघेल म्हणून.

"विचारावं लागेल," ते म्हणाले.

"कोनाले?"

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "याच्या मायले."